मास्तरांच्या कमरेचं माप

मी मोजपट्टी. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. दुकानात मला टेप म्हणतात. मी बोलू लागले याचं नवल वाटून घेऊ नका; एवढी वर्षं लोकांच्या पोटांना वेढे घालूनही गप्प बसले, नवल त्याचं करा.

आणि निर्धास्त वाचा. कुणाच्याही कमरेचा आकडा मी सांगणार नाही. डॉक्टर आणि वकील लोकांची गुपितं पाळतात म्हणून त्यांना मान मिळतो. आम्हीही पाळतो, पण आम्हाला खुंटीला टांगतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडाच्या पट्टीवर गुळगुळीत लेप, लेपावर आकडे, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. जन्मतःच मला दोन बाजू होत्या, पण दोन्हीकडून सांगायचं एकच. एकाच तोंडाने दोन गोष्टी सांगायची सोय फक्त माणसांकडे असते, हे मला दुकानात आल्यावर कळलं.

बटणं आणि दोरे विकणाऱ्या दुकानात आम्ही बहिणी गुंडाळ्या होऊन एका खोक्यात पडलो होतो. मास्तरांनी मला उचललं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं. त्यांनी मला काउंटरवर पसरून लोखंडी पट्टीशी ताडून पाहिलं, समाधानाने हुं केलं आणि गळ्यात घातलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या गळ्यात पडले ती पडलेच. त्यांच्या बायकोला गिऱ्हाइकं काकू म्हणतात. काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "आली का माझी सवत. बरं झालं, दिवसभर तरी कुणीतरी तुम्हाला गळ्याशी धरेल."

दुकान लांबट आणि अरुंद. मधोमध कापड कापायचं टेबल, खिडकीपाशी शिलाई मशीन, कोपऱ्यात आरसा आणि पडदा. मागच्या दाराने गेलं की दोन खोल्यांचं घर. घरातून दुकानात आणि दुकानातून घरात, एवढाच मास्तरांचा प्रवास. त्यात एक थांबा शेजारच्या बेकरीचा. तो थांबा पुढे फार महागात पडला.

माप देताना माणूस खरा नसतो. मी कमरेजवळ आले की पोट आत जातं, छाती बाहेर येते, आणि चेहऱ्यावर भाव असा की हा इसम जन्मल्यापासून असाच उभा आहे. मास्तर घाई करत नसत. मला सैल धरून ते विचारत, "थोरल्याचा निकाल काय लागला?" गिऱ्हाईक उत्तर द्यायला तोंड उघडी, श्वास सुटे, पोट आपल्या मूळ जागी येई आणि मास्तर मला हलकेच आवळत. कित्येक पॅन्ट नीट बसल्या त्या मुलांच्या नापास होण्यामुळे. निकाल वाईट असला की बाप जास्त वेळ श्वास सोडतो.

साऱ्या गावाची पोटं अशी बरोबर मोजणाऱ्या मास्तरांनी स्वतःचं पोट मात्र कधी मोजलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी गळ्यात, पोट माझ्या खाली दोन वितींवर, आणि आमची गाठ नाही.

ते पोट वाढलं कसं, हे मी वरून पाहत होते. शिंप्याचं जेवण दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उरकायचं असतं. मास्तर घास चावत नसत, ढकलत. शिवाय टेबलावर टाचण्यांच्या डबीशेजारी बिस्किटांचा डबा. कापड आखताना हात टाचणीकडे जायचा आणि बिस्किट घेऊन यायचा. उलट कधी घडलं नाही, हे त्यांचं नशीब.

आणि संध्याकाळी बेकरीवाला. मास्तरांचा जुना दोस्त. दुकान बंद करताना उरलेले बन, क्रीमरोल, केकचे कडेचे तुकडे कागदी पिशवीत घालून आणून द्यायचा.

"मास्तर, उद्या शिळं होईल. टाकून द्यायला जीव होत नाही."

मास्तरांचाही होत नसे. काकू म्हणत, "तुमचं पोट म्हणजे त्याच्या बेकरीची कचरापेटी आहे का?"

"अगं, प्रेमाने देतो तो."

"प्रेमाने देतो तर मलाही देऊ दे की. मी फेकून तरी देईन."

आता तुम्ही विचाराल, एवढं वाढत असताना मास्तरांना कळलं कसं नाही? इतरांना ते पॅन्टमुळे कळतं. एके सकाळी बटण लागत नाही आणि माणूस धोब्याला शिव्या देतो. मास्तरांच्या घरी ती सोय नव्हती. त्याचं कारण काकू.

पॅन्ट शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. अंग वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, पुन्हा शिवायची. इस्त्रीच्या दिवशी मास्तर दुपारचे आडवे झाले की काकू मला खुंटीवरून काढत, त्यांच्या पॅन्ट मोजत, बटणाजवळच्या सुरकुत्या बघत आणि लागेल तेवढी माया सोडून देत. मायाही संपली तेव्हा मागच्या बाजूला त्याच रंगाच्या कापडाचा पाचरीसारखा तुकडा जोडला. बोलल्या कधीच नाहीत. शिंप्याच्याच पोटावर बटण ताणलेलं दिसलं तर गिऱ्हाईक दारातून परत जाईल, एवढाच त्यांचा हिशेब.

म्हणजे मास्तर वाढत होते आणि बरोबरीने पॅन्ट वाढत होत्या. दोन्ही सारख्या वेगाने वाढलं की काही वाढल्यासारखं वाटत नाही. कचेऱ्यांतल्या फायली आणि कारकून यांचंही असंच असतं म्हणे.

मग गुडघे बोलू लागले. त्यांना काकूंसारखी भीड नव्हती.

शिलाई बसून होते, पण कापड उभ्याने कापावं लागतं. टेबलावर वाकून, हात पूर्ण लांब करून, कात्री एका दमात न्यायची. मध्ये थांबलं की कडेला दाते पडतात आणि पुढे सगळा कोट वाकडा बसतो. मास्तर पूर्वी तासन् तास उभे राहत. आता एक बाही कापून होते न होते तो टेबलाला रेलत. मग उंच स्टूल आलं. स्टुलावरून हात अर्ध्यापर्यंतच पोचतो. अर्ध्यावर थांबायचं, स्टूल सरकवायचं, पुन्हा कात्री लावायची. एका गिऱ्हाइकाच्या चांगल्या गरम कापडाची कड पायरीसारखी कापली गेली, तेव्हा मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"शिवणारे कुठेही मिळतात," ते काकूंना म्हणाले. "दुकान चालतं ते कापणाऱ्यावर. उभं राहता आलं नाही तर पाटी उतरवायची."

काकूंनी चहा केला, आणि त्यात नेहमीसारखी तीन चमचे साखर घातली. सांत्वनाची त्या घरात तेवढीच पद्धत होती.

हाडांच्या डॉक्टरकडे मीही गेले, कारण मास्तर मला गळ्यातून काढायला विसरले. डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडावर धरले. "बदलावे लागतील दोन्ही. पण आत्ता नाही. या वजनावर भूल देणं धोक्याचं, जखम भरायलाही त्रास. आधी वजन उतरवा, मग या."

"कसं उतरवू?"

"चालणं सगळ्यात उत्तम," डॉक्टर सवयीने म्हणून गेले. मग त्यांची नजर पुन्हा फोटोकडे वळली. "म्हणजे, तुमच्या बाबतीत खाण्याकडेच बघावं लागेल."

चालायचं तर गुडघे हवेत, गुडघे हवेत तर ऑपरेशन, ऑपरेशन हवं तर वजन उतरायला हवं, आणि वजन उतरवायचं तर म्हणे चाला. दोऱ्याचा गुंता मास्तरांनी आयुष्यभर सोडवला, पण टोक न सापडणारा गुंता पहिल्यांदाच हातात आला.

गावाने मदत केली नाही असं नाही. सल्ला द्यायला कुणाचे गुडघे दुखत नाहीत. एक गिऱ्हाईक म्हणालं जिने चढा. दुसरं म्हणालं दोरीवरच्या उड्या. बेकरीवाला म्हणाला, "पोहा मास्तर, पाण्यात वजन लागत नाही."

"उतरेन रे," मास्तर म्हणाले, "पण वर कोण काढणार? तू?"

बेकरीवाल्याने मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विषय बदलला.

मग मास्तरांनी स्वतःच्या अकलेने उपाय काढला. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी. सकाळचं बंद, दुपारचं बंद, नुसतं पाणी. पहिल्या दिवशी ते साधूसारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांवर खेकसू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

काकूंनी त्या बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "दोन डावे हात असलेलं गिऱ्हाईक आहे का आपल्याकडे कुणी?"

त्या रात्री मास्तरांनी अख्खा पाव संपवला, लोण्यासकट. उपासाने जे गेलं होतं ते परत आलं, आणि येताना सोबत पाहुणे घेऊन आलं.

शेवटी काकूंनी त्यांना दवाखान्यातल्या आहाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी याही वेळी गळ्यातच होते. तरुण मुलगी, हसरी, पण नजर कस्टमच्या अधिकाऱ्याची.

"काका, बिस्किटं किती होतात दिवसात?"

"एखाद-दुसरं."

काकूंनी छताकडे पाहिलं. मुलीने काकूंकडे पाहिलं. "काकू, तुम्ही सांगा."

"किती ते माहीत नाही. डबा केवढा आहे ते सांगते," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

मुलगी रागावली नाही. उपास बंद, असं तिने पहिल्यांदा सांगितलं. तीन वेळा जेवा, पण छोट्या ताटलीत. अर्धी ताटली भाजी, उरलेल्या अर्ध्यात एक भाग भात किंवा पाव आणि एक भाग अंडी, मासे नाहीतर कडधान्य. बसून जेवा, काम करता करता नाही. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवा. घास गिळल्याशिवाय पुन्हा उचलायचा नाही. अधेमधे काही खावंसं वाटलं तर आधी स्वतःला विचारा, भूक लागलीय की कंटाळा आलाय. पाणी प्या, थोडं थांबा, आणि तरीही भूक असेल तर खा, एखादं फळ खा.

"एवढंच?" मास्तर म्हणाले. त्यांना काहीतरी अघोरी अपेक्षित होतं.

"एवढंच रोज करून दाखवा," मुलगी म्हणाली.

काकू औषधांच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या. मास्तर काठी टेकत उठले, तेव्हा मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. "आणि रोज काट्यावर चढू नका हं काका. आकडा वर-खाली होतो आणि माणूस उगाच खचतो. मी मध्येमध्ये फोन करीन. वजन डॉक्टरांकडे यायच्या वेळी बघू. तोवर पॅन्टकडे लक्ष ठेवा. सैल झाली की समजायचं, जमतंय."

सल्ला सोन्यासारखा होता. हजार माणसांना तो लागू पडला असता. तो पडला नेमका ज्याच्या घरात पॅन्ट गुपचूप उसवल्या आणि शिवल्या जातात त्याच्या पदरात, यात त्या मुलीचा काय दोष?

घरी बदल सुरू झाले. काकूंनी मोठं ताट फळीवर टाकलं आणि छोटी ताटली काढली. मास्तरांनी मला तिच्यावर आडवं धरलं.

"ही बशी आहे."

"ताटली आहे."

"बशी. मी मोजलीय."

"कोटाची मापं तुम्ही घ्या. ताटलीचं माझ्याकडे."

पहिले काही दिवस मास्तर चमचा असा खाली ठेवत की जणू कुणीतरी त्यांच्याकडून तो काढून घेतोय. पण सावकाश खाल्लं की पोट मध्येच 'पुरे' म्हणतं, हे त्यांना त्या वयात पहिल्यांदा ऐकू आलं. आधी पोट सांगायचं तेव्हा मास्तर पुन्हा वाढून घेऊन पुढे निघून गेलेले असत.

बिस्किटांचा डबा काकूंनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. कुलूप नाही, सक्ती नाही. हवं तर उठा आणि घ्या. उठायचं म्हणजे गुडघे. बिस्किटापेक्षा गुडघा महाग पडू लागला, आणि ज्या गुडघ्यांमुळे व्यायाम बंद होता त्यांनीच डब्याची राखण केली. साखर तीन चमच्यांवरून हळूहळू अर्ध्यावर आली. भूक की कंटाळा, हा प्रश्न मास्तर मोठ्याने विचारत. बहुतेक वेळा उत्तर निघे, "गिऱ्हाईक नाही म्हणून."

बेकरीवाल्याशी बोलणं मास्तरांच्याने होईना. ते काम काकूंनी केलं.

"वहिनी, माझ्या बनात वाईट काय आहे?" तो दुखावून म्हणाला.

"काहीच वाईट नाही भाऊजी. म्हणून तर आणू नका."

यावर त्याला रागवावं की खूश व्हावं ते कळेना. पिशवी पुढच्या गल्लीतल्या वसतिगृहात जाऊ लागली आणि बेकरीवाला संध्याकाळी रिकाम्या हाताने गप्पा मारायला येऊ लागला. गप्पा पूर्वीपेक्षा चांगल्या होऊ लागल्या. तोंडं मोकळी होती ना.

काही आठवड्यांनी पॅन्ट सैल झाली. मास्तरांच्या आधी ते काकूंना दिसलं. इस्त्रीच्या दिवशी त्यांनी मला खुंटीवरून काढलं, पॅन्ट मोजली, आणि हसत हसत शिवण आत घेतली. पुढच्या वेळी पुन्हा. त्यानंतर पुन्हा.

मास्तरांना का नाही सांगितलं? त्यालाही कारण होतं. मागे एकदा ताप येऊन मास्तर उतरले होते. तेव्हा काकू बोलून गेल्या, "किती छान दिसता हो." त्या आनंदात मास्तरांनी बेकरीतून अख्खा केक आणला होता. तेव्हापासून काकूंनी ठरवलं होतं, कौतुक मनात करायचं आणि शिवण हातात ठेवायची.

तिकडे मास्तर रोज सकाळी पॅन्ट चढवत, बटण लावत, आणि कमरेत बोट घालून बघत. बोट जात नसे. जसं पहिल्या दिवशी गेलं नव्हतं, तसंच. काकूंनी ती अंगासरशी बसवलेली असे, अगदी चोख. ते पुन्हा एकदा घालून बघत. मग मला गळ्यात अडकवून टेबलाकडे जात आणि स्टुलावर बसून राहत. मी वरून सगळं पाहत होते. मला ठाऊक होतं. पण टेपला आकडे असतात, आवाज नसतो.

डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला. एके दिवशी काकू बाजारातून आल्या, तर मास्तर मशीनपाशी बसलेले आणि पुढ्यात बेकरीचं खोकं. स्वतः काठी टेकत जाऊन आणलेलं.

"हे काय?"

"क्रीम बन."

"ते दिसतंय. भूक की कंटाळा?"

"राग," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी एक घास घेतला. सवयीने बन खाली ठेवला, चावला, गिळला, आणि मग बोलू लागले. "त्या पोरीने सांगितलं होतं, काट्यावर चढू नका, पॅन्टच सांगेल. बघ काय सांगतेय. पहिल्या दिवशी होती तशीच आज घट्ट. एवढे महिने बशीत जेवलो. चमचा ठेवून ठेवून टेबलाला खळगा पडला. आणि बोटभर फरक नाही. डॉक्टरला काय दाखवू? मी जायचाच नाही. दुकानाला गिऱ्हाईक बघू आपण."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "पॅन्ट सांगेल असं म्हणाली ती? मला का नाही सांगितलंत?"

"तू रांगेत होतीस. आणि सैल झाली की सांगणार होतो ना. झालीच नाही." मास्तर उठले. "राहू दे. बसलं की रुततेय, हिची माया तरी सोडतो थोडी."

काकू काही म्हणायच्या आत ते पडद्याआड गेले आणि कमरेला अस्तराचं कापड गुंडाळून पॅन्ट हातात घेऊन आले. मशीनपाशी बसून त्यांनी ती उलटी केली आणि उसवायला छोटी कात्री उचलली. कात्री तशीच हवेत राहिली.

"हा तुकडा मी लावलेला नाही."

"मी लावलाय," काकू म्हणाल्या. "तुम्ही वाढत होतात तेव्हा."

मास्तरांनी बोट फिरवलं. जोडलेला तुकडा सगळाच्या सगळा शिवणीच्या आत दुमडलेला होता. त्याच्या बाजूला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी, बाहेर जात गेलेल्या. त्यावर ताजे टाके, आत येत गेलेले.

"मग तो आत का घेतलास?"

"आता लागत नाही म्हणून."

मास्तरांनी ते टाके पुन्हा पुन्हा चाचपले. आयुष्यभर कापड वाचलेला माणूस. त्याला काकूंचे टाके त्यांच्या अक्षरासारखे ओळखता येत.

"कितीदा?"

"तीनदा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही केक आणला असतात. आणि ढगळ पॅन्ट घालून बसला असतात तर लोक काय म्हणाले असते? शिंप्याने पॅन्ट शिवलीय की उशीचा अभ्रा?"

मास्तर हसू लागले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळ्या अंगातून. आणि हसताना हलणारं अंग पूर्वीपेक्षा कमी होतं, हे मला गळ्यात असल्याने नीट जाणवलं.

"उभे राहा," काकू म्हणाल्या. त्यांनी मला त्यांच्या गळ्यातून काढलं आणि पहिल्यांदाच कमरेभोवती नेलं. एवढ्या वर्षांचा शेजार, आणि भेट ही पहिली. मास्तरांनी लगेच पोट आत ओढलं.

"सोडा श्वास. मी तुमचं माप घेतेय, तुमची परीक्षा नाही."

श्वास सुटला. काकूंनी मला आवळलं. आकडा मी सांगणार नाही, शब्द दिलाय. पण काकूंनी तुकडा जोडला होता तेव्हाची कंबर आणि आजची, यात चांगला चार बोटांचा फरक होता. मास्तरांनी स्वतः वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

इथवर हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा दिवस होता. पण मास्तर पडले चोख माणूस. "ही टेप जुनी झालीय," ते म्हणाले, आणि त्यांनी मला टेबलावर पसरून लोखंडी पट्टीशी ताडलं. मी ओढ खाऊन खाऊन लांबले होते. माझा प्रत्येक इंच थोडा थोडा उदार झाला होता. म्हणजे फरक चारचा नाही, तीन बोटांचा.

"तीन तर तीन," काकू म्हणाल्या. "तीन बोटं कमी म्हणजे काय थोडी?"

उष्टा बन दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला, सावकाश. खोकं वसतिगृहात गेलं. आणि मी खुंटीवर गेले. मास्तरांच्या गळ्यात नवी, करकरीत टेप आली. धन्याची कंबर घटल्याची बातमी दिली आणि त्याच पायी नोकरी गेली, असं माझ्याशिवाय कुणाचं झालं असेल असं वाटत नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शिंप्याच्या दुकानात लांबलेली टेप ठेवणं म्हणजे खोट्या साक्षीदाराला पगार देणं.

डॉक्टरांकडचं मी पाहिलं नाही. काकूंनी बेकरीवाल्याला सांगताना ऐकलं. डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा पाहून म्हटलं, "वा. चालायला लागलात वाटतं."

"नाही," मास्तर म्हणाले. "चावायला लागलो."

उजव्या गुडघ्याची तारीख मिळाली. आहाराच्या मुलीला पॅन्टची हकिकत कळली तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हसली, आणि यापुढे पेशंटचा धंदा विचारल्याशिवाय पॅन्टचं नाव काढणार नाही म्हणाली. बनाबद्दल तिने काकांना माफ केलं. एका बनाने काही होत नाही म्हणाली. जे काही होतं ते रोजच्या बनाने.

ऑपरेशन झालं. मास्तर घरी आले आणि पाठोपाठ व्यायाम शिकवणारे गृहस्थ आले. पाय लांब करून बसायचं, तळव्याखालून पट्टा घालायचा, दोन्ही हातांनी टोकं धरून ओढायचं आणि गुडघा हळूहळू वाकवायचा. पट्टा कुठला? मास्तरांचा कमरेचा पट्टा कडक. ओढणी निसटते. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला खुंटीवरून काढलं. दुहेरी घडी करून तळव्याखाली घातलं.

"अगं, ती टेप आहे," मास्तर म्हणाले.

"मग काय झालं? तुमच्यासाठीच एवढी ओढली गेलीय ना. आणखी थोडी ओढली जाईल."

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला ओढलं आणि माझ्यावर, डॉक्टरांवर आणि जगातल्या सगळ्या पट्ट्यांवर तोंडसुख घेतलं. काकू शेजारी बसून म्हणत होत्या, "श्वास घ्या. आता सोडा. झालं." गुडघा रोज थोडा जास्त वाकू लागला. पलंगावर पडून राहिल्याने मधल्या काळात थोडं वजन परत आलं. छोट्या ताटलीने ते पुन्हा घालवलं. त्यात कुणी नाटक केलं नाही. पॅन्टला हात लावण्याआधी काकू आता मास्तरांना हाक मारतात, "सैल झालीय, आत घेऊ का?" आणि मास्तर आतून ओरडतात, "आधी मला बघू दे."

उजवा पाय भक्कम झाल्यावर एके सकाळी मास्तर टेबलापाशी उभे राहिले. स्टूल काकूंनी बाजूला सरकवलं, पण फार दूर नाही. मास्तरांनी कापड पसरलं, हात पूर्ण लांब केला आणि कात्री चालवली. मी खुंटीवरून बघत होते. कात्री टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मध्ये कुठेही थांबली नाही. काकूंनी कड हातात घेऊन पाहिली. त्या दिवशी चहा दोन वेळा झाला, अर्धा अर्धा चमचा साखर घालून.

मागच्या महिन्यात डावा गुडघाही झाला. त्यामुळे माझी नोकरी अजून शिल्लक आहे. माझे आकडे पुसट झालेत, एक पितळी टोपी निखळलीय, आणि मी आता किती लांब आहे हे मलाच सांगता येणार नाही. कुणी विचारतही नाही.

तुम्हाला चालता येत असेल तर जरूर चाला. येत नसेल तर जिने, दोरी आणि पोहण्याचे सल्ले ऐकत उभे राहू नका, बसा आणि जेवा. फक्त छोट्या ताटलीत, सावकाश. आणि तुमच्या घरात जे कुणी तुमच्यासाठी मुकाट्याने काही करत असेल, त्याला मधूनमधून विचारत जा, काय करतोस म्हणून. पुष्कळ गुंते तिथे सुटतात.

येते. मास्तरांनी डावा पाय लांब केलाय आणि काकू माझी घडी घालताहेत.